खिलार गाय, पान्हा आणि एम.एस्सी.: शरीरक्रिया, संप्रेरकं आणि वर्तन एकत्र कुठे शिकता येईल?

माळरानची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, पहिल्यांदाच धागा काढतेय.

मी टी.वाय.बी.एस्सी. प्राणिशास्त्र. गाव सांगोल्याकडचं. आमच्या गोठ्यात तीन संकरित गाई आणि एक म्हातारी खिलार. संकरित गाईंची कास धुतली, पुढ्यात खुराक ठेवला की धार काढता येते. खिलार मात्र वासरू लावल्याशिवाय थेंब देत नाही. वासरू चार ढुसण्या देतं, सड टरारतात, मग आई त्याला ओढून खुंटाला बांधते आणि धारेला बसते. अंगणात ट्रॅक्टर चालू असला किंवा कुणी नवं माणूस गोठ्यात आलं की ती दूध चोरते, म्हणजे पान्हा सोडत नाही. हे मी कळायला लागल्यापासून बघतेय.

मागच्या महिन्यात वर्गात पियूषिका ग्रंथी झाली. फळ्यावर आकृती होती: पिल्लू चोखतं, सडातल्या चेतातंतूंवरून संदेश मेंदूत जातो, ऑक्सिटोसिन हे संप्रेरक (हॉर्मोन) रक्तात येतं, दूध उतरतं. मी वहीत आकृती काढता काढता थांबलेच. हा तर आमचा गोठा! आईला जे पान्हवणं म्हणून माहीत आहे तेच हे. पण ट्रॅक्टरचं काय? संकरित गाईला वासरू लागत नाही, खिलारला लागतं, ते का? सरांना विचारलं तर ते म्हणाले, अभ्यासक्रमात एवढंच आहे.

एम.एस्सी.ला आमच्याकडची बहुतेक मुलं कीटकशास्त्र घेतात. मला शरीरक्रियाशास्त्र घ्यायचंय, पण त्यात वर्तन जवळपास नाहीच. वर्तनाचा वेगळा छोटासा पेपर असतो, त्यात मधमाशीचा नाच आणि हंसाच्या पिल्लांचं मागे मागे जाणं, बस. मला हे दोन्ही जोडून शिकायचंय. कुठे मिळेल? दादांचं म्हणणं बी.एड. कर. कृपया मनापासून सांगा.

जुना_प्राध्यापक

बेटा, ३१ वर्षं प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालो. तुझा धागा वाचून रात्री उशिरापर्यंत जागा होतो. जरा सविस्तर लिहितो.

आधी तुझ्या शेवटच्या तक्रारीबद्दल. हे दोन विषय वेगळे शिकवले जातात, पण ते जन्मले एकाच अंगणात. १८४९ साली जर्मनीत गटिंगनला बर्टहोल्ड नावाच्या प्राध्यापकांनी ६ कोंबड्यांवर प्रयोग केला. कोवळ्या कोंबड्यांचे वृषण काढले. ज्यांचे नुसते काढले ते वाढले, पण तुरा खुरटा राहिला, आरवणं नाही, मारामारी नाही, कोंबडीत रस नाही. ज्यांच्या पोटात वृषण परत ठेवला ते पूर्ण कोंबडे झाले. त्या वृषणाचा जुन्या जागेशी, जुन्या चेतातंतूंशी काही संबंध उरला नव्हता. म्हणजे जे काही पोचतंय ते रक्तातून पोचतंय. अंतःस्रावशास्त्राचा हा पहिला प्रयोग मानतात, आणि बर्टहोल्ड यांनी मोजलं काय? आरवणं आणि भांडणं. वर्तनच! 'हॉर्मोन' हा शब्द स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये वापरला, त्याच्या ५६ वर्षं आधीची ही गोष्ट. आणि आपले शेतकरी बैल खच्ची करत आले ते त्याच्याही कितीतरी आधीपासून. वळू आणि बैल यांच्यातला फरक सांगोल्याच्या माणसाला कुणी शिकवावा लागत नाही.

आता यातला मुख्य मुद्दा, जो मी स्वतः फार उशिरा समजलो. आपण वर्गात शिकवतो: संप्रेरक कारण, वर्तन परिणाम. बाण एकाच दिशेला. तुझी खिलार मात्र उलटा बाण दाखवते आहे. वासराचं ढुसणं, वासराचा वास, ओळखीच्या माणसाचा हात, म्हणजे बाहेर घडणाऱ्या गोष्टी आतलं संप्रेरक सोडवत आहेत.

याचा सर्वात देखणा अभ्यास अमेरिकेत डॅनियल लेहरमन यांनी होल्याच्या जातीच्या पक्ष्यांवर केला. मादीला एकटी ठेवा, अंडी घालत नाही. काचेपलीकडे नर ठेवा, तो मान फुगवून घुमायला लागला की तिचा अंडाशय वाढीला लागतो. खच्ची केलेला, न घुमणारा नर ठेवा, परिणाम फारच कमी. मग घरट्याच्या काड्या, मग अंडी, मग उबवणं, आणि उबवता उबवता प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढून दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीत पिल्लांसाठी 'दूध' तयार. निसर्गाची सोय बघ, नराच्यासुद्धा! प्रत्येक पायरीवर वर्तन संप्रेरकाला ढकलतं आणि संप्रेरक पुढच्या वर्तनाला. ही साखळी ज्या अभ्यासक्रमात दोन्ही बाजूंनी शिकवतात तो तुझा अभ्यासक्रम.

म्हणून सल्ला असा: विषयाचं नाव बघू नकोस, प्रात्यक्षिकांची यादी बघ. यादीत नुसतं रक्तातली साखर, मूत्रातलं युरिया, हिमोग्लोबिन असेल तर ते चांगलंच आहे, पण तुझ्या प्रश्नाला पुरणार नाही. यादीत वर्तनाची नोंदणी, संप्रेरक मापन आणि सहा महिन्यांचा स्वतःचा प्रकल्प असेल तर तिथे जा, मग पदवीवर शरीरक्रियाशास्त्र लिहिलेलं असो की वन्यजीवशास्त्र.

डोंबिवलीची_आई

मध्येच विचारते, रागावू नका. माझा मुलगा एफ.वाय.ला आहे, त्याला प्राण्यांची फार माया. या विषयात बेडूक-उंदीर मारावे लागतात का? त्या भीतीने तो विषय सोडायला निघालाय.

जुना_प्राध्यापक

ताई, त्याला सांगा सोडू नकोस. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या पदवी आणि पदव्युत्तर वर्गांतलं विच्छेदन थांबवायला सांगितलं. संशोधनातल्या प्रयोगांसाठी १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली समिती आहे आणि प्रत्येक संस्थेत नीतिसमितीची परवानगी घ्यावी लागते.

मी स्वतः शेकडो बेडूक कापले आणि कापायला लावले. त्यातल्या फार थोड्यांतून कुणी काही शिकलं. चाळीस मुलं, चाळीस बेडूक, आणि निम्म्या मुलांचं लक्ष जर्नल पूर्ण करण्याकडे. त्याची रुखरुख आजही आहे. एकच सांगतो, विच्छेदन गेलं त्या जागी अनेक ठिकाणी संगणकावरची चित्रं आली आणि जिवंत प्राण्याकडे बघणं आलंच नाही. ती जागा वर्तनाच्या निरीक्षणाने भरायला हवी होती. त्याला ना परवाना लागतो ना रसायन.

गोठा_दवाखाना

मी पशुवैद्यक, मराठवाड्यात २० वर्षं जनावरांत. माळरानची ताई, तुमच्या गाईच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं देतो.

पहिलं, ट्रॅक्टर. गाय घाबरली की ॲड्रेनलिन सुटतं. कासेकडच्या रक्तवाहिन्या आवळतात, आणि ऑक्सिटोसिनला ज्या पेशी आवळायच्या असतात त्यांच्यावरही ॲड्रेनलिन उलटं काम करतं. खूप बिथरली तर मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतच नाही. १९४१ मध्ये अमेरिकेत ईली आणि पीटरसन यांनी धारेच्या वेळी गाईजवळ कागदी पिशव्या फोडून हेच दाखवलं होतं. तुमच्याकडे कागदी पिशवीऐवजी ट्रॅक्टर आहे.

दुसरं, खिलार आणि संकरित. कासेत दूध दोन ठिकाणी असतं. थोडं खाली सडाच्या वरच्या पोकळीत, ते हाताने येतं. बाकीचं वर बारीक कोशांमध्ये, ते ऑक्सिटोसिनने त्या कोशांभोवतीच्या पेशी आवळल्या तरच खाली येतं. होल्स्टिनमध्ये खालचा साठा साधारण एक पंचमांश असतो. म्हशीत तो फारच कमी, म्हणून पान्हा फुटेपर्यंत म्हैस कोरडीच वाटते. शिवाय परदेशी गाई पिढ्यान्‌पिढ्या वासराशिवाय दूध देण्यासाठी निवडल्या गेल्या. त्यांना बादलीचा आवाज आणि खुराक एवढी खूण पुरते. आपल्या देशी गाईंत ती निवड झाली नाही, तिची खूण अजून वासरूच.

ढुसण्या सुरू झाल्यापासून साधारण मिनिटभरात ऑक्सिटोसिन कासेत पोचतं आणि काही मिनिटांत रक्तातून ओसरतं. म्हणून तुमच्या आईची घाई शास्त्रशुद्ध आहे. पान्हा सोडला की धार मध्येच थांबवू नये, हे म्हाताऱ्या बायका सांगतात ते यासाठीच.

आता पोटतिडकीने एक गोष्ट. वासरू दगावलं की काही लोक गाईला रोज सकाळ-संध्याकाळ ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन टोचतात. बाजारात ते बिनलेबलाच्या बाटलीत मिळतं. रोज टोचलं की गाय स्वतःहून पान्हवणं हळूहळू सोडते, मग इंजेक्शनशिवाय दूधच नाही. मी याच्याविरुद्ध गोठ्यागोठ्यात भांडलोय. जुन्या काळी दूध उतरवायला गाईच्या योनिमार्गात हवा फुंकत, त्याला 'फुंका' म्हणत. १९६० च्या कायद्याच्या १२ व्या कलमात त्यावर शिक्षा आहे आणि दूध वाढवण्यासाठी जनावराला अपायकारक इंजेक्शन देणंही त्याच कलमात येतं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने खासगी कंपन्यांना ऑक्सिटोसिन बनवायलाच मनाई केली होती, पण बाळंतपणातला रक्तस्राव थांबवायला तेच औषध लागतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई रद्द केली. म्हणजे हा विषय परीक्षेपुरता नाही. वासरू मेलेल्या गाईला हळूहळू खुराकाच्या, मालीशच्या, ठरलेल्या वेळेच्या खुणेवर कसं आणायचं हे सांगणारी माणसं आम्हाला हवी आहेत.

एक व्यवहाराची गोष्ट: पशुवैद्यक महाविद्यालयातलं एम.व्ही.एस्सी. शरीरक्रियाशास्त्र प्राणिशास्त्राच्या पदवीवर मिळत नाही, त्याला बी.व्ही.एस्सी. लागतं आणि त्याला 'नीट'. तिकडे वेळ घालवू नका.

माळरानची

डॉक्टर, मी हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एवढं शिकलेल्या माणसानं माझी घाई बरोबर हाय म्हणून लिवलंय, तुझ्या दादाला दाखीव."

म्हशीचं पण विचारायचं होतं. शेजारच्यांची म्हैस उन्हाळ्यात माजावर आलेली कळतच नाही, तीन वेळा वेळ चुकली.

गोठा_दवाखाना

त्याला मुका माज म्हणतात. आत अंडं सुटतं, २१ दिवसांचं चक्र चालू असतं, पण हंबरणं, अस्वस्थता, दुसऱ्या जनावरावर उडणं ही बाहेरची लक्षणं दिसत नाहीत. उन्हाळ्यात जास्त. बघायचं ते रात्री उशिरा किंवा पहाटे, गारव्यात. सोट (पारदर्शक चिकट स्राव) आणि वारंवार लघवी यावर लक्ष ठेवा. संप्रेरक आहे आणि वर्तन दिसत नाही, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण तुमच्या पुस्तकात सापडायचं नाही.

मैना_दख्खनची

माळरानची, मी सोलापूर जिल्ह्यातलीच, आता दक्षिणेतल्या एका संस्थेत पीएच.डी. करतेय. वन्य प्राण्यांच्या विष्ठेतून ताणाची आणि प्रजननाची संप्रेरकं मोजते. तुला हवं असलेलं काम प्रत्यक्ष कसं असतं ते सांगते.

प्राण्याला पकडून रक्त काढलं तर पकडण्यानेच कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. साधारण ३ मिनिटांच्या आत रक्त घेतलं तरच आधीची पातळी मिळते असं मानतात. हत्तीचं किंवा वाघाचं रक्त ३ मिनिटांत कोण काढणार? म्हणून विष्ठा. संप्रेरकं यकृतात मोडतात, त्यांचे तुकडे आतड्यातून बाहेर पडतात. प्राण्याला हात न लावता काही तासांपूर्वीची, मोठ्या प्राण्यांत साधारण आदल्या दिवसाची अवस्था कळते. हैदराबादच्या सी.सी.एम.बी. या जीवविज्ञान संस्थेची लाकोन्स ही प्रयोगशाळा भारतात या कामासाठी ओळखली जाते.

ऐकायला सोपं वाटतं. पहिली दोन वर्षं माझं बहुतेक सगळं काम पद्धत खरी ठरवण्यात गेलं. आपण जे प्रतिपिंड (संप्रेरकाला चिकटून ते ओळखणारं प्रथिन) वापरतो ते मूळ संप्रेरकासाठी बनवलेलं, आणि विष्ठेत असतात त्याचे तुकडे. एका प्राण्यात ते तुकडे ओळखेल, दुसऱ्यात नाही. म्हणून प्रत्येक जातीसाठी आधी दाखवावं लागतं की खरोखर ताण आला तेव्हा विष्ठेतला आकडा वाढतो. मग ९६ खळग्यांची प्लेट, प्रत्येक नमुना दोनदा, प्रमाण वक्र, आणि दोन आकडे जुळले नाहीत की पुन्हा. एकदा रात्रीतून वीज गेली, डीप फ्रीझर बंद पडला आणि ४ महिन्यांचे नमुने वितळले. मी जिन्यात बसून रडले होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा जंगलात.

आणि नुसता आकडा मुका असतो. कॉर्टिसॉल जास्त म्हणजे प्राणी दुःखी, असं नाही. शिकार करताना वाढतं, माजावर असताना वाढतं, उपाशी असताना वाढतं, पहाटे आणि संध्याकाळी वेगळं असतं. त्या दिवशी प्राणी काय करत होता याची नोंद नसेल तर माझी प्लेट कचरा. त्यामुळे मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट कुठली, तर वर्तन नोंदवायची शिस्त. जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये मांडलेली: एकच प्राणी निवडा, ठरलेला वेळ फक्त त्याच्याकडे बघा, आधी ठरवलेल्या कृतींच्या यादीतून नोंद करा. जे डोळ्यात भरतं तेवढंच लिहायचं नाही.

अभ्यासक्रमांबद्दल थोडक्यात. बेंगळुरूच्या एन.सी.बी.एस. या जीवविज्ञान संशोधन संस्थेतलं वन्यजीवशास्त्राचं एम.एस्सी. आणि डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतलं एम.एस्सी., दोन्हींत प्रत्यक्ष रानावनात काम भरपूर, जागा मोजक्या. बेंगळुरूला भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी रोपालिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीच्या समाजावर अनेक वर्षं काम केलं. राणी मेली की साध्या दिसणाऱ्या कामकरी माश्यांतली एकच एकदम आक्रमक होते आणि काही दिवसांत राणी बनते. त्यामागे संप्रेरकं कशी, हा अगदी तुझाच प्रश्न. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या वर्तनावर काम चालतं. पण तू विद्यापीठाच्या साध्या एम.एस्सी.ला गेलीस तरी दारं बंद होत नाहीत. सी.एस.आय.आर. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या जीवविज्ञानात ७ वा घटक शरीरक्रिया आणि ११ वा उत्क्रांती व वर्तन. बहुतेक जण ११ वा शेवटच्या आठवड्यात वाचतात. मी आधी वाचला, आवडीने.

वास्तव_बोला

सगळ्यांचं वाचून बरं वाटलं, पण कुणीतरी हेही सांगायला हवं. मी २०१२ चा एम.एस्सी. शरीरक्रियाशास्त्र, सेट (राज्याची पात्रता परीक्षा) पास. आजही तासिका तत्त्वावर शिकवतो. दरवर्षी जूनमध्ये नेमणूक होते की नाही याची धाकधूक, सुट्टीचा पगार नाही. लग्न उशिरा झालं. मुलीने स्वप्न बघू नये असं म्हणत नाही, तिच्या दादांना वेड्यात काढू नका एवढंच. बी.एड. म्हणणारा माणूस तिचं वाईट चिंतत नाही.

जुना_प्राध्यापक

तुमचं अक्षर न् अक्षर खरं आहे. माझ्या जागेवर माझ्या निवृत्तीनंतर कायम माणूस भरला गेला नाही. बेटा, यांचं म्हणणं नीट ऐक. एम.एस्सी. केलंस तर पहिल्या वर्षापासून नेटची तयारी धर, शिष्यवृत्ती हाती असेल तर पीएच.डी.त घरच्यांवर भार पडत नाही. आणि बी.एड. नंतरही करता येतं.

मैना_दख्खनची

सहमत. मला पहिल्या प्रयत्नात शिष्यवृत्ती मिळाली नव्हती. मधलं वर्ष घरी शिकवण्या घेतल्या.

सातासमुद्रापलीकडे

मी अमेरिकेच्या मध्यभागातल्या एका विद्यापीठात. चार सत्रं 'संप्रेरकं आणि वर्तन' या वर्गाची सहायक होते. इथे कसं शिकवतात ते सांगते, म्हणजे तिथे बसून काय मिळवता येईल ते कळेल.

वर्गात अर्धी मुलं जीवशास्त्राची, अर्धी मानसशास्त्राची. पहिल्याच आठवड्यात १९५९ चा गिनीपिगवरचा अभ्यास, फीनिक्स, गॉय, जेराल आणि यंग यांचा. गाभण मादीला टेस्टोस्टेरॉन दिलं, तर तिच्या मादी पिल्लांचं वर्तन मोठेपणी कायमचं बदललेलं. यातून दोन कल्पना निघाल्या: संप्रेरक कोवळ्या वयात मेंदू घडवतं, आणि मोठेपणी घडलेल्या मेंदूतलं वर्तन जागं करतं. पुढचं सगळं सत्र या दोन शब्दांभोवती, 'घडवणं' आणि 'जागवणं'. मुलं परीक्षेत हे घोकतात, पण शेवटच्या आठवड्यात त्यातले अपवाद आले की गोंधळतात. आमचे प्राध्यापक गोंधळ झाला की खूश व्हायचे.

मग टेस्टोस्टेरॉन. प्रत्येक मूल वर्गात येतं ते 'टेस्टोस्टेरॉन म्हणजे मारामारी' हे घेऊन. जॉन विंगफील्ड आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये पक्ष्यांवरून दाखवलं की नराच्या हद्दीत दुसरा नर घुसला, आव्हान मिळालं, की टेस्टोस्टेरॉन वाढतं. आणि पिल्लांना भरवण्याच्या काळात ते खाली राहतं, कारण तेव्हा भांडत बसलं तर पिल्लं उपाशी. जुने प्राध्यापक म्हणतात तो उलटा बाण हाच.

ऑक्सिटोसिनबद्दल तर सांगितल्याशिवाय राहवत नाही. उत्तर अमेरिकेच्या गवताळ भागात प्रेअरी व्होल नावाचा उंदरासारखा प्राणी जोडीने राहतो. त्याच्या जवळच्या डोंगरी जातीत जोड्या नाहीत. फरक ऑक्सिटोसिन किती आहे यात नव्हे, त्याचे ग्राही (संप्रेरक पकडणारी पेशींवरची प्रथिनं) मेंदूत कुठे आहेत यात दिसला. त्यावरून वर्तमानपत्रांनी 'प्रेमाचं संप्रेरक' करून टाकलं. आणि २०२३ मध्ये काय निघालं? जनुक बदलून ऑक्सिटोसिनचा ग्राहीच काढलेले प्रेअरी व्होलसुद्धा जोड्या जमवतात. त्यांना पिल्लंही झाली, काही माद्यांनी ती पाजलीही. म्हणजे एका संप्रेरकाला एक वर्तन असं कुलूपकिल्लीचं नातं नाही, शरीर दुसऱ्या वाटा राखून असतं. ज्या वर्षी हा लेख आला, आमच्या प्राध्यापकांनी स्वतःच्या जुन्या टिपणांचं पान वर्गात दाखवून त्यावर काट मारली. मला तो दिवस विसरता येत नाही.

फुकट मिळण्यासारखं: स्टॅनफर्डच्या रॉबर्ट सापोल्स्की यांची २०१० च्या वर्गाची सगळी व्याख्यानं यूट्यूबवर आहेत. त्यांनी केनियात बबून माकडांमधला दर्जा आणि ताणाची संप्रेरकं यांवर वर्षानुवर्षं काम केलं. इंग्रजी भरभर वाटलं तर वेग कमी कर, मीही तसंच ऐकलं होतं. शिवाय एन.पी.टी.ई.एल. या ऑनलाइन वर्गांच्या संकेतस्थळावर प्राणी शरीरक्रियाशास्त्र आहे. परदेशात पुढे यायचं झालं तर अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात, डेव्हिसला, प्राणिवर्तनाचा स्वतंत्र पदव्युत्तर विभाग आहे. ब्रिटनमध्ये एडिनबराला उपयोजित प्राणिवर्तन आणि प्राणिकल्याणाचं एम.एस्सी. आहे, तिथे गाई-कोंबड्या हाच विषय असतो. पण ते स्वखर्चाचं आणि महाग. अमेरिकेत पीएच.डी.ला बहुधा फी माफ असते आणि शिकवण्याच्या कामातून खर्च निघतो. घाई करू नकोस.

किहीमचा_पाहुणा

मी वित्त क्षेत्रातला माणूस, पण पक्षी बघतो. सलीम अली यांनी अलिबागजवळ किहीमला सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला तो कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय. १९३० चा पावसाळा, समोर घरटी आणि हातात वही. एक नर अर्धवट घरटं बांधतो, माद्या येऊन तपासतात, पसंत पडलं तर मादी राहते, मग तो ते पुरं करून दुसरं घरटं सुरू करतो. हे सगळं बघून बघून कळलं. पुढे बनारस हिंदू विद्यापीठात जे. पी. थपलियाल यांनी त्याच सुगरणीचा नर पावसाळ्यात पिवळा कसा होतो त्यामागची संप्रेरकं तपासली. आणि दिल्लीला विनोद कुमार यांनी काळ्या डोक्याच्या भारीटवर दिवसाच्या लांबीचा परिणाम अभ्यासला. हा पक्षी हिवाळ्यात आपल्या ज्वारीच्या शेतांवर थव्याने येतो. दिवस मोठे व्हायला लागले की भरमसाठ खातो, अंगावर चरबी चढते, पिंजऱ्यात असला तरी रात्रभर तडफडतो, कारण त्याची स्थलांतराला निघायची वेळ झालेली असते. माळरानची, सांगोल्याच्या ज्वारीत मार्चमध्ये बघ, दिसतील.

गोठा_दवाखाना

ताई, बोलणं पुष्कळ झालं. परीक्षा संपल्या की एक करा. १४ दिवस खिलारची नोंद ठेवा. वासरू लावल्याची वेळ, सड टरारल्याची वेळ, पहिली धार, किती दूध, कोण धारेला बसलं, आवाज काय होता. मोबाइलमधलं घड्याळ पुरेल. मैनाताई, बरोबर ना?

मैना_दख्खनची

अगदी. फक्त आधी कृतींची यादी ठरव आणि मध्ये बदलू नकोस. पाय झाडणं, शेपटी, वासराला चाटणं, रवंथ. आणि गाईला मुद्दाम घाबरवायचं नाही हं, जे आपोआप घडेल तेवढंच.

माळरानची

(सात आठवड्यांनी)

सगळ्यांना नमस्कार. परीक्षा झाल्या. विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्रासाठी अर्ज भरलाय, प्रात्यक्षिकांची यादी मागवून घेतली आणि विभागात फोन करून विचारलं की प्रकल्प गोठ्यात करता येईल का. मॅडम हो म्हणाल्या. एन.सी.बी.एस.ची प्रवेश परीक्षा पुढच्या वेळी देणार. दादांशी बोलून झालं. वास्तव_बोला दादांचं लिहिणं त्यांना वाचून दाखवलं, त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, दोन वर्षं शीक आणि नेट दे, नंतर बघू.

१४ दिवस सकाळ-संध्याकाळ, २८ धारा नोंदवल्या. आई धारेला बसली तेव्हा वासरू लावल्यापासून सड टरारायला बहुतेक वेळा एक मिनिटाच्या आसपास लागलं. दादा बसले त्या ५ वेळा जास्त वेळ लागला, एकदा तर पावणेतीन मिनिटं. ट्रॅक्टर चालू असलेल्या २ धारांत वासरू बाजूला केल्यावर दूध मध्येच थांबलं, परत लावावं लागलं. एक गोष्ट मला आधी माहीतच नव्हती: आई गोठ्यात शिरता शिरता रोज तेच एक गाणं गुणगुणते, आणि ११ व्या दिवसापासून मी त्याचीही वेळ लिहायला लागले. ४ सकाळी असं झालं की वासरू अजून खुंटालाच होतं आणि सडातून थेंब गळायला लागले होते.

यादी मध्ये बदलली म्हणून मैनाताई रागावतील.

मैना_दख्खनची

रागावले नाही. पण त्या ४ सकाळी वासरू तिला दिसत होतं का, हंबरत होतं का, ते लिहिलंयस? आणि गाणं न म्हणता आई आत गेली असा एक तरी दिवस आहे का?

माळरानची

वासरू दिसत होतं. हंबरण्याचं लिहिलेलं नाही. आईला सांगून बघितलं, आठवडाभर गाऊ नको म्हणून. दोनच दिवस जमलं तिला. उद्यापासून वासराला भिंतीपलीकडे बांधून परत पहिल्यापासून सुरू करतेय.